एकशे चौदा नावांचा माणूस

कुंडलिक घाडी यांचं गर्भाशय दोन हजार एकोणीस सालीच काढून टाकलेलं आहे आणि ही बाब त्यांनी भरती होताना लपवून ठेवली, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं.

हे म्हणणं मुलुंडच्या एका हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरवरचा नितेश संगणकावरून वाचून दाखवत होता. समोर अठ्ठावन्न वर्षांचे घाडी पाठीमागे नाड्यांनी बांधायचा हिरवा अंगरखा घालून, उजव्या जांघेवर हात दाबून उभे होते. त्यांना हर्निया होता. ऑपरेशन चार वाजता ठरलं होतं आणि आता अकरा वाजत होते.

"काका, अजून पण आहे," नितेश म्हणाला. "तुमचा हर्निया आधीच सहा वेळा काढलाय. तीन नॉर्मल डिलिव्हऱ्या, दोन सिझर. आणि मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत एकवीस डोळ्यांची."

"एकवीसच," घाडी म्हणाले. "बाविसावा पांचाळांचा. तो अजून पिकायचाय."

नितेशने मान वर केली. घाडींनाही आपण काय बोललो ते कळलं, आणि ते शेजारच्या खुर्चीवर जपून बसले.

घाडी स्वतःच विम्याचे एजंट होते. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि वडिलांनी अंथरूण धरलं, त्या दोन वर्षांत घरात होतं नव्हतं ते गेलं. तेव्हापासून घाडींची विम्यावर जी श्रद्धा बसली ती कधी हलली नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गेली तीस वर्षं ते घरोघरी जाऊन आरोग्यविमा विकत होते. शेजारीपाजारी, गाववाले, बाजारातल्या कोळणी अशी त्यांची एकशे तेरा गिऱ्हाइकं होती आणि एकशे चौदावे ते स्वतः. एवढ्या जणांच्या फॉर्मवर मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यांनी एकच नंबर लिहिला होता, स्वतःचा.

याचं एक कारण असं, की गिऱ्हाइकंच म्हणत, "तुमचाच टाका ओ, आम्हाला काय कळतंय त्यातलं?" दुसरं कारण घाडी कुणाला सांगत नसत. हप्त्याची आठवण, वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या योजनेची माहिती असं सगळं घाडींच्या फोनवर येई आणि तिथेच थांबे. दुसऱ्या एजंटाकडे जावं असं एखाद्याच्या मनात आलंच, तरी त्याला स्वतःच्या पॉलिसीचा पत्ता घाडींनाच विचारावा लागे. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मग नियम बदलले. सगळ्या पॉलिस्या कागदावरून संगणकावर न्या, एका माणसाची सगळी माहिती एकाच ठिकाणी ठेवा, प्रत्येकाचा चेहरा फोनवर तपासून घ्या, असे आदेश निघाले. कंपनीने त्यासाठी एक नवी सिस्टीम आणली. माणसं जे काम महिनोन् महिने करत ते ती सिस्टीम क्षणात करते, असं कंपनीच्या साहेबांनी एजंटांच्या बैठकीत सांगितलं होतं. घाडींनी गेल्या महिन्यात यादीतल्या सर्वात जुन्या गिऱ्हाइकापासून, म्हणजे सोनूबाई कोळिणीपासून सुरुवात केली. बाजारात तिच्या टोपलीसमोर उकिडवं बसून त्यांनी आपला फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिचा चेहरा टिपला गेला, आणि लगेच निरोप आला की या क्रमांकावरील सर्व पॉलिसींची पडताळणी पूर्ण झाली आहे. अजून एकशे बारा तोंडं शोधत फिरायचं घाडींच्या जिवावर आलं होतं. त्यांनी सिस्टीमचं तोंडभरून कौतुक केलं आणि घरी जाताना पाव किलो पेढे नेले.

सिस्टीमने तिच्या परीने चोख काम केलं होतं. नंबर एक, चेहरा एक, म्हणजे माणूस एक. त्या माणसाला एकशे चौदा नावं होती याची तिला फारशी दिक्कत वाटली नाही.

"काका, पैसे भरून टाका ना," नितेश म्हणाला. "मागून क्लेम करा."

घाडींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढचं वाक्य गिळलं. पैसे नव्हते असं नाही. पण तीस वर्षांत घाडींच्या एकाही गिऱ्हाइकाला हॉस्पिटलात खिशात हात घालावा लागला नव्हता. एजंटाचाच क्लेम परत आला ही बातमी कन्नमवार नगरात पोचली, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी दार उघडलं नसतं. आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं, तर डॉक्टर उद्यापासून तीन आठवडे सुट्टीवर चालले होते. जांघेतला गोळा तेवढं थांबेल याची हमी तेही देत नव्हते.

घाडींची बायको प्रेमा डबा घेऊन आली तेव्हा तिला हे सगळं कळलं. "मी वरसानुवरसा सांगी होतंय, सगळ्यांचे नंबर येगळे घाला म्हणान," ती म्हणाली. "आयकतास खय? आता बसा गर्भाशय कुरवाळीत."

"गप रव गे. लोक बघतत."

"बघूं देत. लोकांनी असो माणूस खय बघितलोहा?"

नव्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलच्या अर्जाला कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असतं. पूर्वी नकार यायला पंधरा दिवस लागत आणि तेवढे दिवस माणसाला आशा धरता येई. नितेशने पुन्हा अर्ज पाठवला. चाळीस मिनिटांत पुन्हा नकार आला, आणि या वेळी त्यात वाढीव माहिती होती. रुग्ण स्वतःला पुरुष म्हणवतो, ही बाब संशयास्पद असल्याचं सिस्टीमने नोंदवलं होतं.

तोवर घाडींची मुलगी गंधाली साकीनाक्याच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. तिने कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात सांगण्यात आलं की नावं वेगळी करता येतील, पण तशी विनंती खातेदाराने स्वतः, चेहरा दाखवून करायला हवी. गंधालीने फोन वडिलांच्या तोंडासमोर धरला. वडील हसले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. 'आपण सोनूबाई वाटत नाही,' असं स्क्रीनवर आलं.

"बाबा, हे तुम्ही काय करून ठेवलंय?" गंधालीने विचारलं.

"मावशीला फोन लाव," घाडी म्हणाले.

सोनूबाई रिक्षाने आली. सत्तरी ओलांडलेली, हातभर बांगड्या, काष्टा घट्ट, आणि सोबत अर्धी भरलेली मासळीची टोपली, कारण बाजारात ती कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्नच होता. हॉस्पिटलच्या वॉचमनने टोपली आत सोडायला नकार दिला. सोनूबाईने टोपलीशिवाय आत यायला नकार दिला. शेवटी गंधाली फोन घेऊन फाटकापाशी गेली.

"कुंडलिकाला झयला काय ता आधी सांग," सोनूबाई म्हणाली.

"काही नाही गं मावशी. तू फक्त इकडे बघ आणि हास."

"हासू? ता पोर तठं मरणाच्या दारान, न मी कनाला हासू?"

"मरणाच्या नाही गं, हर्निया आहे. हास ना थोडं."

सोनूबाईने ओठ ताणले. सिस्टीमला ते पटलं नाही. गेल्या महिन्यात तिचा चेहरा टिपला होता त्या दिवशी तिची अख्खी सुरमई एकाच गिऱ्हाइकाने नेली होती, त्यामुळे ती कानापासून कानापर्यंत हसत होती, आणि सिस्टीमला तेच हसू हवं होतं. चार वेळा प्रयत्न झाला. पाचव्यांदा चुकलं तर चोवीस तास खातं बंद, अशी सूचना आली. वॉचमनने एक विनोद सांगून पाहिला. सोनूबाईने त्याला दोन शब्द सुनावले.

वरच्या मजल्यावरून घाडी हे पाहत होते. न राहवून ते लिफ्टने खाली आले आणि सपाता फटफटवत फाटकाकडे निघाले. "मावशी, असं नाय, दात दाखव," असं ते लांबूनच ओरडत होते. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून बस गेली, वारा सुटला आणि अंगरख्याच्या ज्या दोन नाड्यांवर घाडींची मागची सगळी अब्रू अवलंबून होती त्यातली खालची सुटली. घाडींनी दोन्ही हात मागे नेले आणि स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली.

सोनूबाई जी हसायला लागली ती टोपलीच्या काठाला धरून खालीच बसली. गंधालीने फोन पुढे केला. 'धन्यवाद सोनूबाई, आपली ओळख पटली,' असं स्क्रीनवर आलं.

पाठोपाठ एकशे चौदा नावांची यादी आली. खाली लिहिलं होतं, 'इतर नावे आपली नसल्यास येथे दाबा.' गंधाली त्याखालची बारीक अक्षरं वाचत होती, तोवर सोनूबाईने बोट टेकवलंसुद्धा. "माजी कशी असतीन? ही तर सगली दुसऱ्यांची नावा," ती म्हणाली. बारीक अक्षरांत असं होतं, की त्या प्रत्येक नावाच्या माणसाने एका तासाच्या आत स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा चेहरा दाखवून आपण असल्याचं सिद्ध करावं. जे करणार नाहीत त्यांची पॉलिसी बनावट समजून बंद केली जाईल. वर घड्याळ दिसत होतं, एकोणसाठ मिनिटं आणि काही सेकंद.

घाडींचा चेहरा पांढरा पडला. मघापर्यंत प्रश्न त्यांच्या एका हर्नियाचा होता. आता एकशे बारा जणांचं छप्पर त्यांच्या हातून उडायची वेळ आली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांनी स्वतः गळ घालून विमा घ्यायला लावला होता. त्यांना खरोखर रडू आलं.

"आता रडूक नंतर वेळ काढा," मागोमाग खाली आलेली प्रेमा म्हणाली. "फोन कोणाक लावचे ते सांगा."

एकशे तेरा लिंका अर्थातच घाडींच्याच फोनवर आल्या. स्वतःची सोडून बाकीच्या एकेकाला पुढे पाठवायच्या होत्या. गंधालीने वडिलांच्या फोनमधली नावं उघडली आणि ती बघतच राहिली. 'पथरी बिल्डिंग बेचाळीस.' 'अपेंडिक्स नमिता.' 'डेंग्यू दोनदा.' 'मूळव्याध, ओरडतो.'

"बाबा, यातलं माणसाचं नाव कुठलं?"

"नाव कशाला लागतं? आजार माणूस विसरत नाय. लिही. पथरी बेचाळीस म्हणजे रामनाथ तांडेल. डेंग्यू दोनदा, ती पाटकरांची सून. ओरडतो तो हर्षद, त्याला फोन करू नको, मेसेज टाक."

वर येऊन घाडी खाटेवर पडून सांगत होते, गंधाली पाठवत होती आणि प्रेमा तिच्या फोनवरून शेजारणींना हाका घालत होती. नितेश काउंटर सोडून घड्याळाकडे बघत उभा राहिला. पहिली पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग यादीतल्या एका नावावर हिरवी खूण आली. मग तीन. मग धडाधड खुणा यायला लागल्या.

घाडींना वाटलं होतं, या लोकांना फोन धरता येत नाही. प्रत्यक्षात ऐंशी वर्षांच्या पांचाळांनी न पिकलेल्या डोळ्यासकट दोन मिनिटांत काम उरकलं, आणि वर अंगठ्याचं चित्र पाठवलं. नमिताने स्वतःचं केलं, सासूचं केलं, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना गॅलरीत उभं करून त्यांचंही केलं. प्रत्येकाकडे फोन होता, नंबर होता, आणि बरीच वर्षं होता. एकेक हिरवी खूण पडत होती तसा घाडींचा जीव भांड्यात पडत होता, पण त्याच वेळी आत कुठेतरी थोडं खुपतही होतं. एवढं जर या सगळ्यांना येत होतं, तर इतकी वर्षं आपण नेमकं काय करत होतो?

पन्नासाव्या मिनिटाला एक नाव उरलं, धाकू म्हापणकर. धाकू गोरेगावच्या स्टुडिओत गर्दीतली कामं करत असे. त्याने फोन उचलला तो कुजबुजतच.

"कुंडलिकमामा, मी ऋषी झालोय. शॉट चालू आहे."

"अरे लिंक दाब आणि चेहरा दाखव!"

"दाखवला ना. ती म्हणते चेहरा झाकलेला आहे. दाढी काढली तर डायरेक्टर मला काढेल."

"तुझी अँजिओप्लास्टी कोणी पास करून आणलेली रे?"

पलीकडे काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं, कोणीतरी "कट!" असं ओरडलं, आणि यादीतली शेवटची खूण हिरवी झाली. चार मिनिटं बाकी होती.

घाडींच्या नावापुढे आता एकच माणूस उरला, तोही पुरुष. नितेशने तिसऱ्यांदा अर्ज पाठवला. अकरा मिनिटांत मंजुरी आली. चारच्या ठोक्याला घाडींना आत नेलं आणि साडेपाचला ते बाहेर आले. जांघेतला गोळा गेला होता. फोन उशाशी होता, पण तो संध्याकाळभर एकदाही वाजला नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घाडींनी तो दोनदा उचलून चालू आहे की नाही ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडायची वेळ आली. प्रेमाने पिशवी भरली होती. तेवढ्यात नितेश वर आला, आणि त्याचा चेहरा बघून गंधालीने कपाळाला हात लावला.

"आता काय, जुळं?" तिने विचारलं.

"नाही नाही. बिल पास होतंय. फक्त काकांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय."

प्रश्न घाडींच्या फोनवरही आला होता. काल सोनूबाईसकट सगळ्यांनी आपापला नंबर नोंदवला तेव्हा पुढचा एक रकाना भरणं सक्तीचं होतं. जवळच्या नातेवाईकाचा नंबर आणि त्याच्याशी असलेलं नातं. विक्रोळीपासून गोरेगावपर्यंत पसरलेल्या एकशे तेरा माणसांनी, एकमेकांना न विचारता, त्या रकान्यात घाडींचा नंबर टाकला होता. कंपनीने कळवलं होतं, 'आपण ११३ ग्राहकांचे जवळचे नातेवाईक असल्याची नोंद झाली आहे. ही नोंद बरोबर आहे का? उत्तर होय असल्यास, कुटुंबातील आजारांचा इतिहास विचारात घेऊन पुढील वर्षापासून आपल्या हप्त्यात वाढ होईल.' खाली तो वाढीव आकडाही होता.

"बाबा, 'नाही' दाबा आणि मोकळे व्हा," गंधाली म्हणाली. "कुठे तुमचे नातेवाईक? गिऱ्हाइकं आहेत."

"नातं काय लिहिलंय ते दाखव."

तिने यादी उघडली. बहुतेकांनी काका किंवा मामा लिहिलं होतं. धाकूने मामा लिहिलं होतं, दाढी गेली तरी. हर्षदने मित्र लिहिलं होतं. नमिताने भाऊ. पांचाळांनी नातं न लिहिता त्या रकान्यात 'कुंडलिक' एवढंच लिहिलं होतं. सर्वात वर सोनूबाईचं नाव होतं आणि त्यापुढे मुलगा.

घाडी बराच वेळ ती यादी वर-खाली सरकवत राहिले. ज्या लोकांना आपण नंबराने बांधून ठेवलं असं त्यांना वाटत होतं, त्या लोकांनी सुटल्या सुटल्या हे केलं होतं. काल फाटकापाशी अब्रू गेली तेव्हा वाटली नव्हती तेवढी लाज त्यांना आता वाटली, आणि बरंही तेवढंच वाटलं. त्यांनी 'होय' दाबलं.

"बाबा!"

"विम्याच्या फॉर्मवर खोटं लिहू नये," घाडी म्हणाले.

चौदा मिनिटांत बिल मंजूर झालं. कुटुंबात मधुमेहाचे एकोणचाळीस आणि रक्तदाबाचे बावन्न रुग्ण असल्याने वाढीव हप्ता कायम करण्यात येत आहे, असं शेवटी नम्रपणे लिहिलं होतं.

प्रेमाने पिशवी खांद्याला लावली. "किती वाढलो?"

घाडींनी आकडा सांगितला.

"आणि तुमी होय म्हटलात?"

"सोनूबायन माका झील म्हणान लिवल्यान गे."

प्रेमा दारातच थांबली. घाडींना वाटलं, तिलाही भरून आलं असावं.

"म्हणजे ती माझी सासू झाली," ती म्हणाली. "आता तिच्याकडे मासळेचो भाव खयच्या तोंडान करूचो?"

घाडींनी एवढा पुढचा विचार केला नव्हता.